अर्साकिओसचं दुसरं बंड

पहिल्या बंडात हरला तेव्हा अर्साकिओस त्रेचाळीस वर्षांचा होता. निकिआ शहराच्या तटाबाहेर त्याची फौज उधळली गेली, आणि तो स्वतः एका ओढ्यात, मेलेल्या घोड्याखाली पाय अडकलेला, चिखलाने माखलेला असा सापडला. पकडणाऱ्यांनी त्याला गाढवावर उलटं बसवलं, शेपूट हातात दिलं आणि कॉन्स्टँटिनोपलच्या रस्त्यांवरून फिरवलं. लोकांनी कांद्याची सालं मारली, माशांची आतडी मारली. "सम्राट आले हो, वाट द्या!" असं एक कोळीण खच्चून ओरडली आणि अख्खी गल्ली खदखदून हसली.

तो कप्पादोकियाच्या माळावरचा, खेचरं पैदा करणाऱ्या घरातला. सोळाव्या वर्षी फौजेत गेला. लिहा-वाचायला तिथेच शिकला. एकेक पायरी चढत पूर्वेच्या सरहद्दीचा सेनापती झाला, तरी नगरीतले बडे लोक त्याला खेचरवालाच म्हणायचे. त्या काळी बंड करणारे बहुतेक सरदार मागाहून सांगत, की आम्हाला नको होतं, सैनिकांनी तलवारी उपसून जबरदस्ती केली. अर्साकिओसने असं कधीच सांगितलं नाही. त्याला सिंहासन हवं होतं. तिथे बसलेल्यांपेक्षा आपण ते काम चांगलं करू, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि चौकशी करणाऱ्यांच्या तोंडावर तो तसं म्हणालाही.

म्हाताऱ्या सम्राटाने त्याचे डोळे काढले नाहीत. "सरहद्दीवर पुन्हा कधी गरज लागली तर?" एवढंच तो बोलला. पण राज्य खरं चालवत होता महालाचा खोजा कारभारी, फोतिनोस. त्याला कोणाचे तरी डोळे हवेच होते. नाहीतर उद्या आणखी कोणी उठेल. त्याने अर्साकिओसच्या धाकट्या भावाला, थिओदुलला धरून आणवलं. थिओदुल पंचवीस वर्षांचा होता. बंडात त्याने चार पत्रं पोचवली होती, बाकी काही नाही. तापलेली सळई त्याच्या डोळ्यांना लावली तेव्हा अर्साकिओसला शेजारच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. भिंत पातळ होती.

मग चौघांनी धरून अर्साकिओसचं डोकं भादरलं, त्याच्या अंगावर साधूचा काळा झगा चढवला आणि नगरीसमोरच्या बेटावरच्या मठात त्याला सोडून दिलं.

नऊ वर्षं तो तिथे राहिला. वाफे करायचा, कांदे आणि घेवडा लावायचा, प्रार्थनेला उभा राहायचा. वाफ्यातून मान वर केली की समुद्रापलीकडे नगरीचे घुमट दिसत. बाकीचे साधू सांगायचे, तिकडे बघू नकोस, मन थाऱ्यावर राहील. तो मुद्दाम बघायचा. बघता बघता आपण कुठे चुकलो ते शोधायचा. पहिली दोन वर्षं त्याला वाटलं, सिम्बातने दगा दिला म्हणून हरलो. सिम्बात त्याचा बारा वर्षांपासूनचा सोबती, डाव्या फळीचा सरदार. ऐन लढाईच्या सकाळी तो सगळी फळी घेऊन सम्राटाकडे निघून गेला होता. पण पुढे पुढे अर्साकिओसला दुसरंच आठवायला लागलं. आपली उपाशी फौज. तिने वाटेत लुटलेली गावं. जी गावं त्याचा जयजयकार करतील असं तो धरून चालला होता, त्या गावांनी फौजेला पाणी मिळू नये म्हणून आपल्याच विहिरींत मेलेली कुत्री टाकली. हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि 'आधी नगरी हातात येऊ दे, मग बघू' म्हणून तोंड फिरवलं होतं.

नवव्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला, एका धुकट सकाळी त्याची बायको मात्रोना खारे मासे वाहणाऱ्या होडीतून बेटावर उतरली. ती थेट वाफ्यांत आली. कमरेला पदर खोचल्यासारखा झगा खोचलेला, पायात पुरुषी जोडे.

"उठ," ती म्हणाली. "हात धू. होडी थांबलीय."

"कुठे जायचंय?"

"कुठे म्हणजे? घरी. सरहद्दीपलीकडचा अमीर खिंडी फोडून आत घुसलाय. दोन किल्ले गेले. फोतिनोसचा पुतण्या फौज घेऊन गेला होता, धूळ बघूनच परत फिरला. आपली माणसं दोरखंडाला बांधून नेतायत, आणि तू इथे कांदे लाव."

अर्साकिओसने हातातलं खुरपं खाली ठेवलं. "मी साधू आहे, मात्रोना. शपथ घेतलीय."

"घेतलीस, की घ्यायला लावली?"

बोलणं ऐकून मठाचे म्हातारे गुरू काठी टेकत आले. अर्साकिओस त्यांच्यासमोर उभा राहिला.

"बाबा, मी शपथ मोडून जातोय."

"कुठली शपथ?" म्हातारा खोकला. "तुझे केस कापले तेव्हा मी होतो तिथे. चौघांनी तुझी मान दाबून धरली होती, आणि तू त्या चौघांच्या आयांचा उद्धार करत होतास. त्याला शपथ म्हणायचं असेल तर आमच्या बंदरावरचे हमाल रोज शपथा घेतात. जा. देवाला मी सांगेन. फोतिनोसला तुझं तू सांग."

पलीकडच्या किनाऱ्यावर थिओदुल खेचरं घेऊन थांबला होता. नऊ वर्षांत दोघा भावांची भेट झाली नव्हती. तो आता चौतीस वर्षांचा होता, दाढी राखलेली, डोळ्यांवर निळं फडकं बांधलेलं. अर्साकिओस त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. थिओदुलने हात पुढे केले, भावाचे खांदे चाचपले, दंड चाचपले.

"दादा, वाळलास की रे," तो म्हणाला. "मठात नुसतं घेवड्यावरच ठेवलं वाटतं."

अर्साकिओसने त्याला मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही. शेवटी मात्रोनाच म्हणाली, "रडायचं असेल तर खेचरावर बसून रडा. वाट लांब आहे."

कप्पादोकियाच्या माळावर पोचायला त्यांना सोळा दिवस लागले. जुने सैनिक आता द्राक्षाचे मळे राखत होते, पोरीबाळींची लग्नं करत होते. अर्साकिओस एकेका दारात गेला. त्याने सिंहासनाचं नाव काढलं नाही. "आधी अमीर," एवढंच तो म्हणायचा. कोणी विचारलं, "आणि नंतर?" तर म्हणायचा, "नंतर जे मनात आहे ते तुला माहीत आहेच. पण आधी अमीर." चार हजार माणसं जमली. कोणाकडे चिलखत होतं तर भाला नव्हता, कोणाकडे भाला होता तर घोडा नव्हता.

अमीर परतीच्या वाटेला लागला होता. लूट इतकी झाली होती की त्याची फौज गाभण म्हशीसारखी चालत होती. पुढे घोडेस्वार, मध्ये गुरं आणि बांधलेली माणसं, मागे पुन्हा घोडेस्वार. टॉरस डोंगरातल्या एका खिंडीतून ती जाणार हे उघड होतं. त्या खिंडीच्या वर खेचरांच्या पायवाटा होत्या, आणि त्या पायवाटा अर्साकिओसला बापाने लहानपणीच दाखवल्या होत्या.

"पुढच्यांना जाऊ द्या," त्याने सांगितलं. "मागच्यांकडे बघू नका. मधे घुसायचं. आणि आधी दोर कापायचे, माणसं नंतर मारायची."

उजाडता उजाडता ते कड्यावरून खाली उतरले. पहिल्या घटकेत कोणी शत्रू मेला असेल-नसेल, पण दोर सगळे तुटले. मग खिंडीत असं काही झालं जे अमीरच्या स्वारांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दोन हजार बंदिवान, बाया, म्हातारे, पाद्री, कुंभार, सगळ्यांनी हाताला लागेल तो दगड उचलला. गुरं बिथरून घोड्यांच्या अंगावर गेली. पुढची अर्धी फौज मागे वळेना आणि मागची अर्धी पुढे येईना. सूर्य डोक्यावर यायच्या आत अमीर आपला तंबू, नगारे आणि जेवणाची ताटं टाकून पळाला. अर्साकिओसच्या खांद्यात बाण घुसला होता, तो काढताना त्याने इतक्या शिव्या दिल्या की जखमा बांधणारा म्हणाला, "सरदार, मठात हेच शिकलात का?"

त्याच संध्याकाळी सैनिकांनी मोठी ढाल आणली. रोमी साम्राज्याचा रिवाजच तो, सम्राट करायचा म्हणजे ढालीवर उभं करून उचलायचं. आठ जणांनी त्याला वर घेतलं. आठांत एक बुटका होता, ढाल कलली, अर्साकिओसने खाली बसून कडा धरल्या.

"हळू रे बाबांनो! मुकुटाच्या आधी मान मोडाल माझी!"

हसणं ओसरल्यावर तो नीट उभा राहिला. खाली चार हजार सैनिक होते, त्यांच्यामागे सोडवलेली माणसं. "मला सिंहासन हवंय," तो म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वीही हवं होतं. खोटं कशाला बोलू? पण या खेपेला वाटेत कोणी एक कोंबडी उचलली तरी मी ढालीवरून उतरून घरी जाईन. तुमचा तुम्ही दुसरा सम्राट शोधा."

"आणि अंडी चालतील का?" मागून कोणीतरी विचारलं.

"मालकिणीने हातात दिली तर."

नगरीकडे जाणारा रस्ता तोच होता, पहिल्या बंडाचा. दोरिलिऑनजवळच्या एका गावात विहिरीच्या कठड्यावर एक म्हातारी काठी घेऊन बसली होती. गव्हाची शेतं पिकून उभी होती, कापायला माणूस नव्हता. गावचे तरणे फोतिनोसच्या पुतण्याने फौजेत ओढून नेले होते. म्हातारीने अर्साकिओसला लांबूनच ओळखलं.

"तूच ना तो?" ती ओरडली. "मागच्या खेपेला माझे दोन्ही बैल खाल्लेस. तेव्हा नुसता सरदार होतास. आता सम्राट झालास म्हणे, आता काय खाशील?"

सैनिक हसायला लागले, पण अर्साकिओसचा चेहरा बघून गप्प झाले. तो घोड्यावरून उतरला.

"बैल परत आणता येत नाहीत, आई," तो म्हणाला. "तुझं शेत कुठलं ते दाखव."

त्याच्या सरदारांनी डोक्याला हात लावला. पुढे सांगारिओस नदीवरचा पूल होता. जो आधी पूल गाठेल त्याची बाजी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक जण म्हणाला, "दोन दिवस इथे घालवले तर पूल गेला." अर्साकिओस म्हणाला, "गेला तर गेला," आणि विळा मागवला. चार हजार माणसं दोन दिवस गावाचा गहू कापत होती. म्हातारीचं शेत त्याने स्वतः घेतलं. खांद्याची जखम ठणकत होती, कंबर मोडत होती, आणि म्हातारी बांधावर बसून चुका काढत होती.

"एवढा खुंट सोडतात होय? खाली वाक. सम्राटाची पाठ वाकत नाही का?"

"वाकतेय, आई. मोडायच्या बेतात आहे."

तिसऱ्या सकाळी तिने त्याच्या हातात बकरीचं चीज आणि जवाची भाकरी ठेवली. आशीर्वाद दिला नाही, नुसती ठेवली. पण ती बातमी फौजेच्या पुढे धावली. पुढच्या गावापासून लोक रस्त्यावर पाण्याचे घडे भरून ठेवायला लागले. कुठे कुठे फौजेत नवे लोकही मिळत गेले.

पूल मात्र हातचा गेला होता. अर्साकिओस नदीवर पोचला तेव्हा पलीकडच्या काठावर नऊ हजारांची शाही फौज उभी होती आणि तिचा सेनापती होता सिम्बात.

सिम्बातने बोलणी मागितली. दोघं पुलाच्या मध्यावर भेटले, एकटे, शिरस्त्राणाशिवाय. सिम्बातचे केस पांढरे झाले होते. अर्साकिओसपाशी त्याच्यासाठी नऊ वर्षं जपून ठेवलेले शब्द होते, पण सिम्बातनेच आधी तोंड उघडलं.

"काय रे खेचरवाल्या, मुकुट घालायला निघालास की कांदे विकायला?"

"आधी तू सांग. या खेपेला कोणत्या बाजूने पळणार आहेस?"

सिम्बात हसला नाही. "मी का गेलो ते तू कधी विचारलंस?"

"दगाबाजाला काय विचारायचं?"

"मग न विचारता ऐक. त्या सकाळी मी तुझ्या फौजेतून फेरी मारली. खोगिरांना कोंबड्या लटकलेल्या. कोणाच्या गाठोड्यात चर्चमधले चांदीचे पेले. एका गाडीत दोन पोरी बांधलेल्या, रोमी पोरी, आपल्याच. मी तुझ्या तंबूत आलो, तुला सांगितलं. तू काय म्हणालास आठवतंय? 'आधी नगरी हातात येऊ दे.' ती फौज घेऊन मी तुला नगरीत शिरू देणार नव्हतो, अर्साकिओस. तू माझा भाऊ असतास तरी नाही."

खाली नदी गढूळ वाहत होती. अर्साकिओस कठड्याला टेकला. शिव्या द्यायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "तुझं खरं होतं."

सिम्बातने चमकून पाहिलं. हे ऐकायची त्याची तयारी नव्हती.

"गहू कापत बसला होतास म्हणे दोन दिवस," तो म्हणाला.

"हो."

"तेवढ्यात मी पूल गाठला. तू थांबला नसतास तर आज मला अडवता आलं नसतं."

"ठाऊक होतं मला."

सिम्बातने नाक वर करून हवा ओढली, जुनी सवय होती त्याची, आणि मग तो मोठ्याने हसला. "माझ्या फौजेला संध्याकाळपासून एकच गोष्ट चघळायला मिळालीय. तू काय, तुझा विळा काय, ती म्हातारी काय! निम्मे तर तुझ्या खिंडीत सुटलेल्यांचे नातेवाईक. मी हल्ला करा म्हटलं तर करतील की नाही, देव जाणे. पण मला तुझ्याकडून एक वचन हवं. नगरीत शिरल्यावर कोणाचे डोळे काढायचे नाहीत. कोणाचेच नाहीत."

"फोतिनोसचे?"

"त्याचेही. आज त्याचे काढलेस तर उद्या पुढचा तुझे काढेल, परवा माझे. हे कधीतरी थांबायला हवं आणि थांबवायचं तर वर बसणाऱ्यानेच."

अर्साकिओसने मागे वळून पाहिलं. पुलाच्या टोकाला खेचराला टेकून थिओदुल उभा होता, निळं फडकं वाऱ्याने हलत होतं. त्या पातळ भिंतीमागून ऐकलेला आवाज अर्साकिओसच्या कानात अजून होता. मग त्याने सिम्बातचा हात धरला.

"दिलं वचन."

दोन्ही काठांवरून एकच आरडाओरडा उठला. माणसं पुलावर धावत आली आणि एकमेकांना मिठ्या मारायला लागली. त्या गर्दीत अर्साकिओस भावाला शोधत गेला आणि त्याला वचनाचं सांगितलं. थिओदुलने ऐकून घेतलं. खेचराच्या मानेवर हात ठेवून तो तळाकडे चालता झाला. त्यानंतर चार दिवस तो दादाच्या तंबूत जेवायला आला नाही.

तेरा हजारांची फौज समुद्राच्या अलीकडच्या काठावर, क्रिसोपोलिसला जाऊन थांबली. समोर नगरी. मध्ये आग ओकणाऱ्या नळ्यांची जहाजं. तिथून पुढे तलवारीचं काम नव्हतं. पण त्याच आठवड्यात म्हातारा सम्राट अंथरुणातच वारला, आणि फोतिनोसने ते दोन दिवस लपवून तिसऱ्या दिवशी आपल्या पुतण्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. त्याच पुतण्याच्या, जो धूळ बघून पळाला होता. नगरीला हे इतकं हास्यास्पद वाटलं की भाजीबाजारात पोरंसोरं त्याची नक्कल करत पळायला लागली. जहाजांवरच्या खलाशांनी नळ्यांखालचे निखारे समुद्रात ओतले. सकाळी क्रिसोपोलिसच्या धक्क्याला चाळीस रिकाम्या जहाजांची रांग लागली आणि पहिल्या जहाजाचा तांडेल ओरडला, "चला, सम्राट, चला! वारा आहे तोवर चला!"

किल्लीचा खडखडाटही न होता अर्साकिओस नगरीत शिरला. दरवाजे उघडेच होते. पुतण्या एका मठात लपला होता; त्याच्याकडे कोणी लक्षही दिलं नाही. फोतिनोस मात्र लोकांच्या हाती सापडला. घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानात त्याला खांबाला बांधलं होतं. चाळीसेक हजार माणसं दगडी पायऱ्यांवर बसली होती आणि मधोमध शेगडी पेटलेली होती. अर्साकिओस, मात्रोना आणि सिम्बात आत आले तेव्हा लोक आधीच थिओदुलला हाताला धरून पुढे घेऊन गेले होते. कोणीतरी त्याच्या मुठीत सळई दिली होती. टोक लाल होतं.

"तुझा हक्क आहे!" गर्दी ओरडत होती. "तुझा हक्क!"

अर्साकिओस शेगडीपाशी गेला. हात वर करताच मैदान शांत झालं.

"थिओदुल," तो म्हणाला. "मी वचन दिलंय."

"तू दिलंस, दादा." थिओदुलचा आवाज थंड होता. "डोळे माझे गेले, आणि वचन तू दिलंस. मला कोणी विचारलं?"

सिम्बातने मान खाली घातली. अर्साकिओसला वाटलं, आपण इथे हुकूम सोडला तर चार रखवालदार सळई काढून घेतील. सम्राट म्हणून पहिलाच हुकूम, आणि तो भावावर.

"नाही विचारलं," तो म्हणाला. "चुकलो मी. आता विचारतो, ते वचन पाळू का? तू नाही म्हणालास तर मुकुट घालणार नाही. मोडलेल्या वचनावर तो मला नको. पण तुझा हातही धरणार नाही."

थिओदुल खांबाजवळ गेला. डाव्या हाताने त्याने फोतिनोसचा चेहरा चाचपला, कपाळ, पिचलेले गाल, थरथरणारी हनुवटी. फोतिनोस रडत होता. त्याच्या पापण्या थिओदुलच्या बोटांखाली फडफडत होत्या.

"म्हातारा झालाय की रे हा," थिओदुल हळूच म्हणाला. मग तो मैदानाकडे वळला आणि आवाज चढवला. "याचे डोळे राहू द्या! माझा दादा सिंहासनावर बसलेला याने बघायलाच हवा. रोज बघू दे! मेल्याला एक दिवससुद्धा सुट्टी नको!"

त्याने सळई वाळूत टाकली. क्षणभर चाळीस हजार माणसांना काय करावं कळेना. मग वरच्या पायऱ्यांवरून कोणीतरी हसलं आणि तो हशा पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरत आला, त्याचा गजर झाला, त्या गजरात अर्साकिओसचं नाव होतं आणि थिओदुलचंही. मात्रोनाने दिराला घट्ट जवळ घेतलं. सिम्बात नाक पुसत उभा होता आणि धुराला दोष देत होता.

फोतिनोसचे केस कापून त्याला समोरच्या बेटावरच्या त्याच मठात धाडलं, जिथून नगरीचे घुमट रोज दिसत. पुढे अर्साकिओसने चौदा वर्षं राज्य केलं. त्याच्या काळात डोळे काढण्याची शिक्षा एकालाही झाली नाही आणि पूर्वेच्या खिंडी एकदाही फुटल्या नाहीत. तो मेला तो अंथरुणात, आणि त्या सिंहासनावर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ते जमलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या रविवारी मोठ्या चर्चमध्ये धर्मगुरूंनी त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता, त्याचा खांदा अजून दुखत होता, आणि अंगावरची जांभळी वस्त्रं दुसऱ्या कोणाच्या मापाची असल्याने बगलेत काचत होती. घुमटाखाली हजारो दिवे लागले होते. लोक त्याच्या नावाने ओरडत होते, थांबत होते, श्वास घेत होते आणि पुन्हा ओरडत होते. खेचरवाल्याच्या पोराने ते सगळं दोन्ही कानांनी प्यायलं. त्याला हे हवं होतं, आणि ते मिळालं होतं, आणि या खेपेला मिळवताना त्याने कोणापुढे मान खाली घालावी लागेल असं काही केलेलं नव्हतं. त्याच्या छातीत काहीतरी उसळलं आणि तो खो खो हसायला लागला.

समारंभाचा अधिकारी घाबरून जवळ सरकला आणि कुजबुजला, "महाराज, सम्राटाने हसायचं नसतं. रिवाज आहे."

शेजारी मात्रोना उभी होती, तिच्याही डोक्यावर मुकुट, मान ताठ.

"हसू दे रे त्याला," ती म्हणाली. "तू आपला बाजूला हो."